उपाशीपोटीचा चहा

४ फेब्रुवारी

मायना मुद्दाम कोरा सोडला आहे. 'प्रिय' लिहायला हात धजत नाही आणि 'महोदय' लिहिलं तर लेक म्हणेल, आई अजून टोमणे मारते. तेव्हा सरळ कामाचं लिहिते.

फोनवर हे जमणार नाही. फोन केला की तुम्ही 'हं' म्हणता आणि मी ओरडते. लेकीनेच सुचवलं, पत्र लिही, पत्रात ओरडता येत नाही. तिला अजून आपल्या आईची पुरती ओळख नाही.

काम विम्याचं आहे. कागदाच्या गिरणीने निवृत्त माणसांना दिलेला आजारपणाचा विमा आपल्या दोघांच्या नावावर एकत्र आहे. तुम्ही घर सोडलंत, भांडीकुंडी सोडलीत, मला सोडलंत, पण तेवढ्या विम्यातून माझं नाव काढायला विसरलात आणि स्वतःचा पत्ताही बदलला नाहीत. गिरणीच्या लेखी आपण अजून सुखाने एका छपराखाली नांदतो आहोत.

तर त्या विम्याची मर्यादा ठरली तेव्हा हॉस्पिटलं अशी नव्हती. आता नुसतं दाखल होऊन चार तपासण्या केल्या की तो संपतो, पुढचं आपलं आपण. म्हणून लोक वरून पूरक विमा घेतात. आपल्याला दोघांना मिळून घेता येतो, कारण मूळ विमा जुना आहे. पण तुम्हाला एप्रिलअखेर सत्तर पूर्ण होतील आणि त्यानंतर नव्याने कुणी दारात उभं करत नाही. त्याआधी उरकायला हवं.

एजंटबाई येऊन गेल्या. मोठी पिशवी, त्यात सतरा कंपन्यांची पत्रकं. सगळं ऐकून शेवटी तीन उरले. पहिला स्वस्त आहे. मूळ विमा संपला की वरचं देतो, पण दरवेळी दाखल झालात की हिशेब पहिल्यापासून. म्हणजे एकदाच दणकून आजारी पडणाऱ्याची चंगळ, आणि थोडं थोडं आजारी पडणाऱ्याला वाटाण्याच्या अक्षता. दुसरा महाग आहे, पण वर्षभराची सगळी बिलं एकत्र धरतो. तिसरा बिलाकडे बघतच नाही. दाखल असाल तितके दिवस ठरावीक रक्कम हातात देतो, आणि सोबत बसणाऱ्या माणसाला वेगळा भत्ता.

मी विचारलं, "सोबतीला कुणी नसलं तर?"

"मग तो भत्ता वाया जातो, काकू."

पत्रकं सोबत पाठवते. वाचा आणि कुठला ते कळवा. माझं तसं काही नाही, गुडघे कुरकुरतात तेवढंच. चष्म्याच्या दुकानात अजून अर्धा दिवस जाते. काचा घासायच्या, फ्रेमीत बसवायच्या, गिऱ्हाइकाच्या कानामागे टोचतंय का बघायचं. मालकीणबाईंना सांगून ठेवलंय, जूनपासून येणार नाही. उभं राहून राहून कंटाळा आला आता.

१७ फेब्रुवारी

कार्ड मिळालं. 'कुठलाही घे. चालेल.'

एवढ्यासाठी अख्खं पोस्टकार्ड! अक्षरं तर अशी की दुकानाच्या पाटीवर शोभतील, आणि दोन्ही ओळी चढावर निघालेल्या. बॉयलरच्या नोंदी मुंगीच्या अक्षरात लिहिणारे तुम्ही. बायकोला लिहायची वेळ आली की तीन शब्दांत कार्ड भरून टाकायचं, हीसुद्धा एक हुशारीच.

कुठलाही म्हणे. आयुष्यभर मी विचारायचं आणि तुम्ही 'कुठलाही' म्हणायचं. पडदे कुठले, कुठलेही. लेकीला शाळा कुठली, कुठलीही. मग एक दिवस जेवणाच्या टेबलावरून उठून म्हणालात, "मला शांतता हवी आहे," आणि गिरणीच्या गावी खोली घेऊन राहिलात. मी आजही विचार करते, तुम्ही तर घरात तोंड उघडत नव्हतात, मग गोंगाट होता कुणाचा? माझा एकटीचा. मान्य आहे. पण दोघांच्या वाटणीचं बोलायला लागलं की आवाज चढतोच.

असो. ते उगाळून आता काही निघत नाही.

पहिला विमा मी खोडला. दुकानात एक बाई येतात, जाड भिंगाच्या. त्यांच्याकडे तोच आहे. वर्षात तीनदा दाखल झाल्या, दरवेळी बिल मर्यादेच्या जेमतेम काठाशी. हातात एक छदाम आला नाही. म्हणाल्या, "मी चुकीच्या पद्धतीनं आजारी पडले हो." तिसरा मला आधी बरा वाटला होता, रोख पैसे कुणाला नको असतात. पण मोठं ऑपरेशन निघालं तर त्या पैशांत नुसतं पार्किंग भागेल, असं एजंटबाई स्वतःच म्हणाल्या. राहिला दुसरा.

दुसऱ्यासाठी दोघांची तपासणी लागते. रक्तदाब, वजन आणि उपाशीपोटी रक्त. घरी येऊन घेतात, आणि घर म्हणजे कागदावरचं घर. तेव्हा तुम्हाला इथे यावं लागेल. एका सकाळपुरतं. तुमच्या शांततेला धक्का लागणार नाही, मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसेन.

३ मार्च

दुसरं कार्ड मिळालं. 'तू वेगळी पॉलिसी घे. माझ्यामुळे तुझा हप्ता वाढेल.'

वेगळी! बारा वर्षं वेगळंच राहतोय की. आता एवढा एक कागद एकत्र आहे, तर त्याच्यावरूनही मला उतरवताय.

मी चिडून एजंटबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "काकू, तुमचं वय कमी आहे, एकटीचा घेतलात तर पटकन मिळेल, स्वस्तही पडेल. काका मात्र राहतील." राहतील म्हणजे काय, विचारलं. म्हणजे एकट्या माणसाला या वयात नव्याने कुणी घेत नाही. जोडीत आहेत म्हणून घेतात.

मला हे समजत नाही. तुम्ही आयुष्यात माझ्या खर्चाची काळजी कधी केली नाहीत. आत्ताच कुठून एवढा पुळका आला? की तपासणीसाठी या घराची पायरी चढायची नाही म्हणून ही पळवाट? तसं असेल तर स्पष्ट लिहा. तुम्हाला शब्द महाग पडतात हे माहीत आहे, पण दोन जास्त खर्च करा.

तपासणी १४ तारखेला सकाळी नऊला ठरवली आहे. गाडीचं तिकीट लेक काढून देते आहे, तिचा शब्द तरी मोडू नका. आदल्या दिवशीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काहीही घ्यायचं नाही. काहीही म्हणजे चहासुद्धा. तुमचं चहावाचून डोकं चढतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

१६ मार्च

काल तुम्ही गेलात. तुमची बाजू तुम्हाला माहीत आहे, माझी सांगते. समोर असताना सांगता आली नाही.

परवा बेल वाजली तेव्हा मी केस बांधत होते. दार उघडलं. तुम्ही हातात तीच खाकी पिशवी घेऊन उभे. शर्टाचं एक बटण खालच्या काजात गेलेलं. मी ठरवून ठेवलं होतं काय बोलायचं ते, चांगली चार-पाच वाक्यं होती, आणि ऐनवेळी एकही आठवेना. म्हणून आत गेले आणि गॅस पेटवला. तुम्ही पाळीवरून आलात की मी हेच करायचे. आधण, दोन चमचे साखर, दूध बेताचं. कप टेबलावर ठेवला. तुम्ही हात पुढे केलात तो कपाच्या कानाच्या जरा बाजूला गेला आणि बशी खणखणली. मला वाटलं, प्रवासाचा शीण. मग तुम्ही प्यायलात. मीही प्यायले. दोघं चकार शब्द न बोलता चहा पीत बसलो, आणि खरं सांगते, बारा वर्षांत इतका बरा चहा झाला नव्हता.

तेवढ्यात रक्त घेणाऱ्या बाई आल्या. डबा उघडत म्हणाल्या, "काही खाल्लं-प्यायलं नाही ना?"

आपण दोघंही एका सुरात 'नाही' म्हणालो. आणि मग तिघांनीही टेबलाकडे बघितलं.

तुम्ही आधी हसलात. मला आवरेना. त्या बाई मात्र वैतागल्या, म्हणाल्या, "आता उद्या परत यावं लागेल मला." तुम्ही बाजूच्या खुर्चीवर डोळे पुसत बसला होतात. ज्या माणसाला मी चहा घेऊ नका म्हणून पत्रातून बजावलं, त्याला मीच चहा करून दिला, आणि त्यानेही तो मुकाट्याने घेतला. बाहेरच्या कुणाकडून ही चूक झाली नसती.

मग त्या बाईंनी बोटातलं रक्त बघितलं, नुसतं अंदाजाला म्हणून. मशीनकडे बघून त्यांनी दुसरं बोट घेतलं.

"चहामुळे असेल," मी म्हणाले. "दोन चमचे साखर होती."

"मावशी, एवढी चहानं चढत नाही. आजोबा, औषध चालू आहे ना?"

तुम्ही खिडकीकडे बघत म्हणालात, "आहे. अधूनमधून."

अधूनमधून! मी तिथेच किंचाळले असते, पण गुळणी धरायची कबूल केली होती.

त्या गेल्यावर मी तुम्हाला उजेडात बसवलं. दुकानात दिवसभर जे करते तेच केलं. तुमचा एक डोळा झाकला आणि बोटं धरली. उजव्याने तुम्ही दोन म्हणालात, खूप वेळ लावून, पण म्हणालात. डाव्यासमोर धरली तर विचारलंत, "धरलीस का?"

मी हजारोंचे चष्मे बसवले, आणि माझ्या हातातल्या कार्डावरची ती भलीमोठी अक्षरं, त्या चढत जाणाऱ्या ओळी बघून मला काय सुचलं, तर टोमणा.

"मग माझी पत्रं कोण वाचतं?" मी विचारलं.

"खोलीखालचे लाँड्रीवाले."

"सगळी?"

"सगळी. त्यांना आवडतात तुझी पत्रं. पुढचं कधी येणार म्हणून विचारत असतात."

आता मला सांगा, मी तोंड कुठे लपवू? पडदे, शाळा, गोंगाट, सगळं त्या परक्या माणसाने इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून मोठ्याने वाचलं!

"मला का नाही सांगितलंत?" म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, "सांगितलं असतं तर तू वेगळी घेतली असतीस का?" तुम्हाला एवढं लांबलचक वाक्य बोलताना मी फार वर्षांनी ऐकलं.

काल सकाळी आपण दोघं पुन्हा कोचावर उपाशी बसलो, आणि बाई येईपर्यंत मी गॅसकडे फिरकले नाही. रक्त दिल्यावर दोघांच्या कोपरात कापसाचे बोळे, हात दुमडलेले. तुम्ही म्हणालात, "आता करशील का?" केला. बिनसाखरेचा. तुम्ही तोंड वाकडं करून संपवलात.

लाँड्रीवाले भाऊ, तुम्हाला नमस्कार. तुम्ही वाचताय हे माहीत नव्हतं, नाहीतर जरा बरं लिहिलं असतं. ह्यांच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ घेतल्या जातात का, तेवढं बघाल? तुमच्यावर उपकार म्हणून नाही सांगत. म्हणजे, उपकार तुमचेच.

२५ मार्च

लाँड्रीवाले भाऊ, घसा साफ करून घ्या. पत्र मोठं आहे. मधे एके ठिकाणी मी ह्यांना बोलणार आहे, तिथे चेहरा सरळ ठेवा.

एजंटबाई रिपोर्ट घेऊन आल्या होत्या. माझ्या रिपोर्टात काही नाही. तुमच्यात आहे ते तुम्हाला माहीत आहे. त्यांनी दोन रस्ते सांगितले. दोघांचा घ्यायचा तर तुमची साखर आणि डोळे कागदावर लिहायचे. लपवायचं नाही, लपवलं तर ऐन वेळी हात वर करतात. लिहिलं की हप्ता चढतो, आणि डोळ्यांचा खर्च पहिली काही वर्षं मिळत नाही. बाकी हृदय, मूत्रपिंडं, जे काही पुढे निघेल ते मिळेल. दुसरा रस्ता, माझा एकटीचा. तो लगेच मिळेल, हप्ता परवडेल.

"काकू, तुम्ही तर वेगळ्याच राहता," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही."

मी म्हणाले, विचार करून सांगते.

आता खरं लिहिते. गुडघे कुरकुरतात म्हणाले होते ते तेवढंच नाही. डॉक्टर म्हणाले दोन्ही बदलावे लागतील, वर्षा-दोन वर्षांत. दुकानात आता मी घासयंत्राला टेकून उभी राहते. संध्याकाळी जिना चढताना प्रत्येक पायरीला देव आठवतो. लेकीला सांगितलेलं नाही, ती उगाच विमानात बसेल. जूनपासून मला घरी बसायचं होतं. खिडकीशी खुर्ची ठेवायची, पाय स्टुलावर, आणि कुणाच्याही नाकाची काळजी करायची नाही. एवढंच मागणं होतं. तुमचा चढलेला हप्ता भरायचा तर ते जूनचं विसरायचं. दुकानात राहायचं, बहुतेक पूर्ण दिवस.

(भाऊ, इथे.)

माझा राग गेलेला नाही. तुमचे डोळे गेले म्हणून माझी बारा वर्षं परत येत नाहीत. लेकीच्या लग्नात तुम्ही पाहुण्यासारखे येऊन जेवून गेलात, ते मी विसरलेले नाही. मी तापाने फणफणले होते तेव्हा शेजारीण सोबत बसली होती, तेही नाही. तुम्ही मला वेगळी हो म्हणालात ते माझ्या भल्यासाठी, हे आता कळतं, आणि त्याचाच जास्त संताप येतो. एवढं भलं करायचं होतं तर गोळ्या वेळेवर घ्यायच्या होत्या. ज्या माणसाला सोडून द्यायला मला कुणाची परवानगी लागत नाही, त्याला सोडायची वेळ आली तर पेन उचलत नाही, ह्याला काय म्हणायचं? प्रेम म्हणू नका. मी इतकी दमले आहे की प्रेमाला लागणारी ताकद माझ्यात नाही.

एजंटबाई सोमवारी परत येतील. मला अजून माहीत नाही काय सांगेन.

२ एप्रिल

अहो,

अक्षरं मोठी काढली आहेत.
एका पानावर थोड्याच ओळी.
जाड पेन दुकानातून आणलं.

सही केली. दोघांचा घेतला.
दुसरा. वर्षभराची बिलं एकत्र धरणारा.

साखर लिहिली. डोळे लिहिले.
हप्ता चढला.
मालकीणबाईंना सांगितलं, जूननंतरही येते.
त्यांनी मला बसायला उंच स्टूल दिलं आहे.

सोबतीचा भत्ता या विम्यात नाही.
सोबत फुकटच करावी लागेल,
तुम्हाला माझ्या गुडघ्यांच्या वेळी,
मला तुमच्या सगळ्याच्या वेळी.

पत्ता एकच लिहिला आहे. इथला.

बाहेरच्या खोलीत खिडकीशी खुर्ची ठेवली आहे.
ती माझी.
तुम्ही कोचावर बसा आणि हवं तितकं गप्प राहा.

आता हे पत्र खाली नेऊ नका.
आधी स्वतः वाचून बघा,
उजव्या डोळ्याने, दारात उजेडात.

आणि लाँड्रीवाले भाऊ,
हे जर तुम्ही वाचत असाल,
तर त्यांना ते वाचता आलेलं नाही.
मग पुढचं पत्र मी लिहिणार नाही, त्याचा काही उपयोग नाही.
त्यांची पिशवी भरा. शर्टाची बटणं बघा.
आणि त्यांना गाडीत उजव्या बाजूच्या खिडकीशी बसवून द्या,
म्हणजे बाहेरचं थोडं दिसेल.